त्यांच्या वाट्याचं पाणी

नवऱ्याच्या किडन्या गेल्या आणि आमच्या घरात पाण्यावर माझा पहारा बसला. दिवसभराचं पाणी एका लहानशा बाटलीत. चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. जास्त झालं तर फुफ्फुसात भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रायपूरचा उन्हाळा, आणि घरच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं! वैऱ्यावरही अशी पाळी येऊ नये.

डायलिसिसला तासन्‌तास पडून ते मोबाईल बघायचे. त्यात त्यांना अमेरिकेतले प्युब्लो आदिवासी सापडले. कोरड्या ठणठणीत मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणारे. घरी आले की तेच पुराण.

"अगं, ते हातभर खोल बी लावतात. खालची ओल भेटते ना! एका खड्ड्यात बरेच दाणे, दुसरा खड्डा पार दूर. अन् भाजीले छोटे छोटे चौकोनी वाफे, चारी बाजूनं मातीची मेड. घातलेलं पाणी जागच्या जागी राहते."

"अन् पाऊस कुठून आणतात?"

"नाचतात. सारं गाव मिळून. तमाशा नाही तो, प्रार्थना आहे. फक्त आपल्या शेतापुरतं नाही मागत, साऱ्यांसाठी मागतात."

"मंग नाचा तुम्ही पण," मी म्हटलं. ते हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. मी पाठ चोळत बसले.

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरापुढे वीतभर जागा आहे. तिथं त्यांनी तसेच वाफे केले. शेजारी फाटकातून ओरडले, "भैया, धान लगा रहे हो क्या?" इकडे सारा भाताचा मुलूख, बांधाची मेड दिसली की लोकांना धानच सुचतं. आणि ह्यांनी त्यात मका लावला, तोही हातभर खोल! तिकडची माती रेताड, आमची कन्हार, काळी आणि चिकट. वाळली की वीटच. एक कोंब वर येईल तर शपथ. शेवटी उकरून पाहिलं, तर दाणे सडलेले.

"त्या लोकांची माती पण मागवायची होती," मी टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खुरपं घेऊन बसले. मग बोटभर खोल लावून पाहिलं, आणि मका वर आला. त्यानंतर त्यांची खुर्ची तिथंच. मी रोज सकाळी पाइपनं पाणी घालायची आणि ते नुसते बघत बसायचे.

एका दुपारी खिडकीतून पाहते तर काय, स्वतःची बाटली वाफ्यात ओतून राहिले. माझं डोकंच फिरलं.

"काहून हो? मी काळजावर दगड ठेवून तुम्हाले मोजून देऊन राहिले, अन् तुम्ही मातीत घालता?"

"राहू दे ना. माह्या हातानं कोणाची तरी तहान भागू दे."

मी आत गेले. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मोरीचा नळ सोडला. मग ध्यानात आलं, त्यांना नळाचा आवाज ऐकू जाईल. झटकन बंद केला आणि तोंडात पदर कोंबला.

कणसांना नुकते केस फुटले होते तेव्हा ते गेले. शेवटी शेवटी ओठ सुकून भेगाळले होते, आणि नर्स ओला कापूस फिरवायची तेवढाच ओलावा. ते कापूस चोखायला बघायचे. मला बघवत नव्हतं.

दहाव्याला आम्ही खारून नदीवर गेलो. आम्हाला एकच पोट्टी, तिनंच सगळं केलं. भटजींनी तीळ देऊन सांगितलं, बाबांच्या नावानं ओंजळीनं पाणी सोडा. तिनं सोडलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"हो गया, मम्मी?"

भटजी सामान आवरायला लागले होते.

"नाही," मी म्हटलं, "सोड अजून. आता डॉक्टर काही म्हणत नाही."