नामदेवकाकांचे फुगे

धाटावच्या कंपनीची शिफ्टची बस घरासमोरून गेली की नामदेवकाका धाग्याचा रंग बदलत. एकदा बस वाटेत बंद पडली, तेव्हा पिवळा पट्टा वाढत वाढत सोफ्यावरून खाली उतरला. "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नाय," ते म्हणाले आणि विणत राहिले. कंपनीतून निवृत्त झाले होते, पण विणताना कंपनीचा गॉगल डोळ्यांवर असेच.

रोह्यातले हे माझे शेजारी क्रोशा शिकले ते काकूंसाठी. त्यांचा गणपती हमरापूरहून येई तो काकूंनी विणलेल्या रुमालाने तोंड झाकून. संधिवाताने बोटं आखडली तशी काकूंनी सांगून टाकलं, "औंदा टॉवेल टाका." काकांना ते जिव्हारी लागलं. त्यांनी सुई उचलली. काकूंनी अट घातली, काम धड झालं नाही तर पुढच्या वर्षापासून टॉवेलच.

मीही त्यांच्याबरोबर शिकायला बसले. फुग्याचा टाका काही केल्या मला जमेना. एकाच घरात पाच खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे आणि एकदम ओढून बंद करायचे, की धाग्याचा टपोरा फुगा उठतो. माझे सपाट पडत. "खांब म्हंजे कामगार गो. पाची जणांना एकाच दारातून बाहेर काढ, फुगवटा आपसूक येतो," काका सांगत. काकू पलंगावरून ओरडत, "ह्यांचं ऐकू नको गो, धागा ढिला धर!"

गणपती आणायच्या दिवशी हमरापूरला मूर्तिकार म्हणाला, "रंग ओला हाय, जरा थांबा." पण काकांना मुहूर्ताची घाई. त्यांनी आपण विणलेला रुमाल बांधला तोही फुगे आत करून. म्हणाले, "नक्षी देवासाठी हाय. रस्त्याला कशाला दाखवायची?"

दारात भाकरतुकडा ओवाळला, रुमाल काढला. देवाच्या कपाळावर, गालांवर, सोंडेवर ओळीने फुगे उमटले होते.

"देवाला पित्त उठलंय," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघवेनाही. काकूंनी चष्मा लावला, देवाचा गाल जवळून निरखला. "एकबी फुगा सुटला नाय," त्या म्हणाल्या. "आता टॉवेल नको." आरतीत काकांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

माघात काका गेले.

यंदा गणपती आणायला काकू माझ्याबरोबर हमरापूरला आल्या. मी शहाणपणाने फुगे बाहेर करून रुमाल बांधायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"उलटा कर गो. त्यांचे फुगे देवाकडं."

"काकू, रंग ओला आहे."

"व्हय, म्हणूनच."