एक टिंग थांबायची

बैठकीत आमचा आवाज चढला की ते हात वर करून हवेतली दोरी ओढायचे. "टिंग!" सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आमच्या आळीतल्या मंडळाचे अध्यक्ष झाले, पण घंटी काही सुटली नाही. एक टिंग म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. असा एखादा तुमच्याही मंडळात असेल. नसेल तर शोधून आणा.

त्या वर्षी आम्ही भलतेच पेटलो होतो. शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायका घरी सांदणं, घावणे, लोणची करून विकतात. त्यांच्यासाठी आपल्या पटांगणात बाजार भरवायचा! शुक्रवारी दुपारी उद्घाटन, शाल-श्रीफळ, वर मोठा फलक : 'अल्पसंख्याक भगिनींना मदतीचा हात'. मी तर फलकाचा रंगही ठरवून टाकला होता.

"टिंग! विचारलात काय त्यांस?"

कोणीच विचारलं नव्हतं. मग ते मला घेऊन मोहल्ल्यातल्या जैनबभाभींकडे गेले. भाभी हो म्हणाल्या तरच बाकीच्या बायका येणार होत्या. पडवीत बसवून त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, शुक्रवारी दुपारी आमच्याकडं नमाज. नि मदतीचा हात कशाला? माझी सांदणं लोक मागून नेतात. त्या फलकाखाली आमच्यातली एक बाई बसायची नाय."

"मग काय हवं?" अध्यक्षांनी विचारलं.

"जागा द्या, पाणी द्या. नि सगळ्यांच्या रांगेत बसवा, येगळं नको."

अध्यक्षांनी तिथेच दोनदा दोरी ओढली. भाभी हसू दाबत चहा टाकायला आत गेल्या.

रविवारी बाजार भरला, आणि काय भरला! फलकावर नुसतं 'आळीचा बाजार', प्रत्येक टेबलावर जिचं तिचं नाव. सांदणांची रांग पार फाटकाबाहेर. एक पुढारी मध्येच घुसू लागले तर अध्यक्ष ओरडले, "घाई नको साहेब, मागून रिकामी गाडी येतेय!" आम्ही हसून बेजार. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गेल्या थंडीत ते गेले. यंदाच्या बाजाराच्या बैठकीत त्यांची खुर्ची कोणी घेतली नाही. जैनबभाभी आता समितीत आहेत. आमचा नेहमीचा गोंगाट चालला होता. खालच्या वाडीतल्या ख्रिस्ती बाई केक करतात, त्यांना स्टेजजवळ बसवू, फीत त्यांच्याच हातून कापून घेऊ! सगळ्यात मोठा आवाज माझाच.

तेवढ्यात भाभींचा हात वर गेला आणि हवेतली दोरी ओढली गेली.

"टिंग! विचारलात काय त्यांस?"

मग आम्ही सगळे चपला घालून खालच्या वाडीकडे निघालो.