आळीची भांडी आणि आमची तुळई

यंदा गणपतीत धाकटे दीर फुलपाड्याहून आले, जेवून माजघरातल्या खाटेवर आडवे झाले आणि वर बघत म्हणाले, "वहिनी, हे घर काय आता राहत नाही." मी पानं उचलत होते. म्हटलं, "तुम्ही खाटेवरून उठा, म्हणजे राहील."

पण थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती. आगाशी गावातलं हे कौलारू घर दोघा भावांचं. वाडीसकट ते बिल्डरला द्यावं म्हणून दीर कधीचे मागे लागलेत. आमचे हे शब्दाला महाग. भावाला हो म्हणत नाहीत, नाही म्हणायचीही हिंमत नाही. नकाराचं सगळं खातं माझ्याकडे. धडधाकट घर कशाला पाडायचं, एवढाच माझा मुद्दा होता आणि आता मुद्द्यालाच बाक आला होता. माजघरावरची सागाची तुळई मधोमध चांगली खाली आली होती. "दिवाळीपर्यंत बघतो," दीर म्हणाले, "नाहीतर सही करून मोकळं होऊ."

दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि गुडघ्यांना शिव्या घालत पोटमाळ्यावर चढले. छपराचा भार ज्या लाकडी खुंटांवर, ते खुंट या तुळईवर उभे. त्यातले दोन वाळवीने खाल्लेले. नख लावलं तर भुसा गळला. आणि बाकीच्या जागेत, तुळईच्या बरोबर मध्यावर, आळीची भांडी.

आळीची भांडी म्हणजे लग्नाकार्याची. मी आत बसून आंघोळ करीन एवढाले तांब्याचे टोप, लोखंडी कढया, पराती, वल्ह्याएवढे झारे. साऱ्या आळीने मिळून घेतलेली. आमचं लाकूड सागाचं म्हणून ती कायमची आमच्या माळ्यावर. लग्न निघालं की उतरायची, तेराव्याला उतरायची. पुढे केटरर आले आणि कोणी ढुंकून बघेना. पण विकायची नाहीत, वाटायची नाहीत आणि कार्याशिवाय खाली आणायची तर मुळीच नाहीत. रिकामी भांडी उतरवली की घरात मरण येतं, अशी आळीची पक्की समजूत. म्हणजे वापर कोणाचा नाही, ओझं मात्र आमच्या डोक्यावर.

सुतार आला, टिचक्या मारून गेला. तुळई आतून शाबूत आहे, म्हणाला. खाली टेकू लावू, खुंट बदलू. पण आधी माळा मोकळा करा.

मी आळीत घरोघर सांगून आले, भांडी उतरवायला या. एक माणूस फिरकला नाही. समोरची म्हातारी ओट्यावरूनच म्हणाली, "लगीन नाय, तेरावं नाय. कोनाला बोलवतेस गो तू?"

माझं डोकंच फिरलं. घर पडलं तर हळहळायला सगळे येतील, पण एक टोप धरायला कोणी येणार नाही. म्हटलं, "यमाला बोलवते. आला तर त्यालाच एक कढई देते उचलायला."

आणि चढले. एकटीने पराती सरकवल्या, झारे खाली टाकले. शेजारीपाजारी दारं ओढून बसलेले. मोठा टोप मात्र हलेना. मी कडी धरून ओढतेय, घाम डोळ्यांत जातोय, आणि रडूही येतंय, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात शिडी करकरली. आमचे हे वर आले आणि दुसरी कडी धरली.

पाऊस थांबल्यावर सुतार लागला. कौलं उतरली, टेकू बसले, जुने खुंट निघाले, नवे आले. तोवर भांडी अंगणात उघडी पडलेली आणि आळी डोळे लावून बसलेली, यांच्याकडचं कोण जातंय म्हणून. कोणी गेलं नाही. समोरच्या म्हातारीचा जुना खोकलासुद्धा बरा झाला.

मग मी ती भांडी चिंचेने घासली, अंगणात चूल मांडली आणि अख्ख्या आळीला जेवायला बोलावलं. कसलं कार्य, विचारलं लोकांनी. म्हटलं, घर उभं आहे, त्याचं. भात, वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी. कुरकुरत का होईना, सगळे आले. म्हातारीने दोनदा भात मागून घेतला.

दीरही आले. जेवून आत गेले आणि तुळईखाली उभे राहून बराच वेळ बघत राहिले. "सरळ नाही झाली पण, वहिनी."

"माझी पाठ तरी कुठे सरळ आहे? काम करते ना."

ते हसले, पण विषय सोडला नाही. माजघरात मागाहून जेवायला बसलेल्या दादाकडे वळून म्हणाले, "तो बिल्डर उद्या फोन करेल. काय सांगू त्याला?"

सवयीने माझं तोंड उघडलं. पण त्याआधीच आमचे हे पानावरून मान वर न करता म्हणाले, "नाही म्हणून सांग."

मी भाताचं पातेलं पुढे ओढलं. मग त्यांच्या पानात न विचारता भात वाढला.