पानांना जेवू घालणारी मीनाबाई

अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं एका घरात दोन भाषा नांदतात, तिथं मीनाबाईचा संसार. केशर आंब्याची बाग नवऱ्याच्या, सिद्रामच्या नावावर. पण तिचं दुखणंखुपणं मीनाबाईकडे. दोन हंगाम झाले, वाटाण्याएवढी कैरी धरली की गळायची, आणि टिकायची ती लिंबाच्या वर जायची नाही. व्यापारी पाटीत हात घालून म्हणाला होता, "वहिनी, लोणचं घाला ह्याचं."

सिद्रामनं जाहीर करून टाकलं, "औंदा बी असंच झालं तर मिरगाआधी जेसीबी लावतो. बाग काढायची, ऊस लावायचा."

मीनाबाईनं हे एक वर्ष मागून घेतलं आणि गावच्या शेतीशाळेत जाऊन बसली. मुळातून दिलेलं पोचत नसेल तर विद्राव्य खत पाण्यात विरघळवून पानांवर फवारायचं, असं ऐकून आली.

सासूबाई, सुंदरम्मा, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. "बेड, बेड," त्यांनी कानडीतून नको म्हटलं. "पानानं कुनी जेवतंय व्हय गं? तोंड मातीत आन् घास डोक्यावर!"

"आत्या, येळवसला तुमी अंबील पिकावर शिंपता की. मुळाशी कुटं घालता?"

सुंदरम्मांचा हात थांबला. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी अंबिलीचं मडकं डोक्यावर नेऊन शेतभर शिंपायचं काम त्यांचंच. "ती देवाची असती," त्या पुटपुटल्या, पण पुढं बेड म्हणाल्या नाहीत.

कैरी वाटाण्याएवढी झाली तसा मीनाबाईनं शेजारच्या तिप्पण्णाकडून फवारणीचा पंप आणला, एका दिवसाच्या बोलीवर. खतं दोन होती. एक 'बावन्न चौतीस', दुसरं कॅल्शियम नायट्रेट. दोन्हींत काही दिवसांचं अंतर ठेवा, असं शेतीशाळेत सांगितलं होतं. पण पंप आजच्यापुरता. येळवसच्या भज्जीत नाही का सगळ्या शेंगा, सगळ्या डाळी एकाच बोगोण्यात शिजत? मीनाबाईनं दोन्हींतलं अर्धं अर्धं एकाच बॅरलमध्ये ओतलं.

बघता बघता पाणी पांढरं झालं, गुठळ्या धरल्या, तळाला चोथा बसला. पंपाचं तोंड तुंबलं.

"झालं," सिद्राम म्हणाला. "उसाचं बेणं सांगून ठेवतो."

मीनाबाई काठीनं ढवळतच राहिली. एवढ्यात भाकरी घेऊन सुंदरम्मा आल्या. बॅरलमध्ये डोकावल्या.

"कढी फुटली की गं. कितीबी घोट, आता जमायची न्हाय. ओतून दे."

"ओतते, आत्या. खत उरलंय. पर एक आज मारायचं, दुसरं चार दिसांनी. पंप तर सांजच्याला द्यायचाय."

सुंदरम्मांनी भाकरीचं फडकं तिच्या हातात दिलं आणि तशाच बांधावरून तिप्पण्णाच्या वस्तीकडं निघाल्या. परतल्या तेव्हा दम लागला होता.

"आठवडाभर पंप आपला. फुडच्या येळवसला भज्जीचं बोगोनं त्येच्या दारात न्यायचं कबूल केलंय."

"काय म्हनून सांगितलं त्यास्नी?"

"नळीत कचरा गेला म्हनलं." सुंदरम्मांनी सिद्रामकडं पाहिलं. "घरातली कढी फुटली तर गावात सांगत फिरायचं नसतं. व्हय का रं?"

सिद्राम गुमान बॅरल धुवायला लागला.

मग एक एक फवारणी, सकाळच्या गारव्यात, आपापल्या दिवशी. आठवड्याच्या आत दोन्ही नेमानं झाल्या. गळ थोडी झालीच, वाऱ्यानं चार फांद्याही मोडल्या. पण राहिली ती कैरी दिवसागणिक भरत गेली. चैत्र सरता सरता तोच व्यापारी आपणहून बागेत आला आणि लोणच्याचं नावही न काढता भाव बोलला. तो गेल्यावर सिद्रामनं फोन लावला. "जेसीबी नको. ...न्हाय, फुडच्या वर्सी बी नको."

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आंबा दाखवल्याशिवाय त्या घरात कुणी आंबा खात नाही. मीनाबाईनं पानावर आमरस वाढला, पितरांचा घास वेगळा काढला. मग आढीतून राखून ठेवलेला एक, दोन्ही तळव्यांत मावेल असा, सुंदरम्मांपुढं ठेवला.

"हे काय? मी अजून जित्ती हाय की!"

"म्हनून तर," मीनाबाई म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली.

सुंदरम्मांनी आंबा हुंगला, हातात फिरवला. "लई गोड दिसतंय. येळवसला अंबील तूच शिंप आता. तुला पानाला जेवू घालायचं कळतंय."