मागच्या गाडीचा कंदील

मंडळी, आज संध्याकाळी आत्याचं ऐकलं आणि बदलापूर ते अंबरनाथ अख्खा रस्ता शिव्या खात आलो.

पुढे पेंढ्यानं भरलेला टेम्पो रखडत चालला होता. मागचा लाल दिवा बंद. मी ओव्हरटेक करणार, तेवढ्यात शेजारी बसलेली, ऐंशी पार केलेली आत्या म्हणाली, "थांब रं. त्याच्या मागं कंदील नाय."

तिच्या लहानपणी, स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत, बदलापूरजवळच्या सोनिवली गावच्या बैलगाड्या पेंढा घेऊन उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात जायच्या. गाड्या ओळीनं, पण कंदील एकच. तो शेवटच्या गाडीला टांगायचा, मागून येणाऱ्या ट्रकला दिसावा म्हणून. कुणाचा बैल थकून गाडी मागं पडली, की सगळे थांबायचे आणि कंदील काढून त्या गाडीला बांधायचे.

"आज शेवटची गाडी आपली," आत्या म्हणाली.

मग काय, चारही इंडिकेटर चालू केले आणि टेम्पोच्या मागे बैलाच्या चालीनं निघालो. मागून हॉर्न, शिव्या, सगळं सुरू झालं. मी वैतागलो.

आत्या मात्र निवांत. म्हणाली, "वरडू दे. आपण दिसतो म्हणूनच वरडतात ना!"