वहिनींनी वाढलेलं ताट

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. गेल्या महिन्यात जिंतूरहून वहिनींच्या भाच्याचा फोन आला, "आत्या गेल्या." आता लपवायचं तरी कुणापासून...

मोठा भाऊ वारल्यावर वहिनी मानवतला आमच्याकडंच राहायच्या. माझा शिवा तेव्हा चार वर्षांचा. जेवायचं नाव काढलं की तोंड मिटायचा, वरणाच्या वासानंही त्याला उमासे यायचे. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. दुकानात गिऱ्हाईक समोर असायचं आणि माझे कान आत, स्वयंपाकघराकडं. आमच्या घरात अन्न म्हणजे प्रसाद. शीतही टाकायचं नाही, जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी प्यायचं. शिवाच्या ताटात मात्र रोज भाकरी तशीच पडलेली. मला ती बघवायची नाही.

वहिनींनी वेगळंच सुरू केलं. बोटभर भाकरी, चमचाभर वरण. तेवढं संपलं की त्या ताटात पाणी ओतायच्या आणि पोरगं ते ऐटीत प्यायचं. हळूहळू तो स्वतःहून मागू लागला.

"एवढ्यानं काय होतंय, वहिनी? चिमणीला वाढायलाव का?"

"भाऊजी, तुमी त्याच्याकडं बघू नका. तुमी बघितलं की त्याचा घास अडकायलाय."

एका दुपारी घरात दुसरं कोणी नव्हतं. मला धीर निघेना. भाकरी कुस्करून ताट भरलं, शिवाचं नाक दाबलं आणि घास कोंबले. तो सगळं ओकला. मग पाण्यालाही तोंड लावेना. परभणीला नेऊन सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "अचानक काय झालं?" बायको माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "वहिनी त्याला दिवसभर गूळ-शेंगदाणे चारतात." वहिनी दाराशीच उभ्या होत्या. त्या दिवसापासून बायकोनं शिवाचं ताट त्यांच्या हाती दिलं नाही. काही महिन्यांनी त्या जिंतूरला भावाकडं गेल्या, कायमच्या.

यंदाच्या दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेलो, तेव्हा एसटीत सगळं बोलणं मनात जुळवलं होतं. त्या अंथरुणावर होत्या.

"शिवा नीट जेवतोय का?" चाळिशी ओलांडलेल्या माणसाबद्दल विचारत होत्या.

"लय जेवतोय. पोट सुटलंय."

त्या समाधानानं हसल्या. मी चहा प्यालो, गाडी निघून जाईल म्हणत उठलो. वहिनी, त्या दुपारी त्याला मी कोंबलं होतं, तुमचं काहीच चुकलं नव्हतं... एवढंच म्हणायचं होतं. आणि 'माफ करा' हे तर एसटीत जुळवतानाही मला जमलं नव्हतं.