टबातली पिल्लं

बऱ्हाणपुरात थंड पाण्याचे मासे पाळायचे म्हणजे विकतचं दुखणं. पण आमच्या ह्यांची हौस! बोटाच्या पेराएवढे, शेपटीला लाल, कायम घोळक्यानं फिरणारे. उन्हाळ्यात टाकीवर ओला पंचा, वरून टेबलफॅन. दापोऱ्याहून आलेली धाकटी जाऊ हसायची, "ताई, माणसं घामानं भिजून ऱ्हायली, अन् आमचे दादा माशाले पंखा लावून ऱ्हायले!"

ह्यांना त्या माशांची पिल्लं हवी होती. अंडी पडायची, पण मोठे मासेच ती फस्त करायचे. गेल्या थंडीत ह्यांनी अंडी चिकटलेलं शेवाळच उचलून मोरीजवळच्या निळ्या टबात ठेवलं. काही दिवसांनी मला हाक मारली. आधी काहीच दिसेना. मग दिसलं, पापणीच्या केसाएवढं, टबाच्या कडेला लटकलेलं. आमच्या सोवळ्या घरात पहिलं अंडं आलं ते त्या पिल्लांसाठी. उकडून, पिवळं फडक्यातून गाळून द्यायचं. इतके खूश हे मला मुलीच्या लग्नातही दिसले नव्हते.

त्याच आठवड्यात हे गेले. सकाळी चहा ठेवून हाक मारली, तर उठलेच नाहीत.

मला रडू आलं नाही. सगळं बधिर. बायका गळ्यात पडत होत्या आणि मी त्यांच्या साड्यांचे काठ बघत होते. ह्यांना नेल्यावर जावेनं घर हातात घेतलं. मयताच्या घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. माठ, पिंप, बादल्या, सगळं ओतून, घासून पालथं घालायचं. मोरीतून पाणी वाहिल्याचा आवाज मला समोरच्या खोलीत येत होता. मी नुसती बसून होते.

संध्याकाळी मोरीकडे गेले. निळा टब भिंतीला टेकवलेला, लख्ख. काचेच्या टाकीला तिनं हात लावला नव्हता. त्यात मासे दिसत होते ना.

जाऊ मागून आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं पाण्याचा थर्मामीटर पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

"टबात हा होता, ताई. दादांचा म्हणून जपून ठेवला. लई शेवाळ साचेल होतं, घासून काढलं." मग माझ्या तोंडाकडे बघून ती थबकली. "त्याच्यात अजून काही होतं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "पाणीच होतं."